विमान हलतं तेव्हा कोण कोणाशी बोलतं



शेंदूरजनाघाटसारख्या संत्र्याच्या गावात विमानाचा विषय कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. शाळेतला भारताचा नकाशा घ्या आणि दिल्लीहून हैदराबादपर्यंत पट्टी लावून रेघ ओढा. ती रेघ आपल्या वरूड तालुक्याच्या अगदी जवळून जाते. दिल्ली-चेन्नईची रेघही फार लांब नाही. रात्री अंगणात बाजेवर पडल्यावर आपल्याला जे लुकलुकणारे दिवे सातपुड्याकडून येताना दिसतात, ती याच वाटांवरची विमानं. आणि 16 एप्रिल 2025 पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली आहे. म्हणजे विमान आता आपल्या डोक्यावरून जाणारी वस्तू राहिलेलं नाही, आपली माणसं त्यात बसू लागली आहेत. पहिल्यांदा बसणाऱ्याला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती विमान हलण्याची.

मी नोकरीची सगळी वर्षं हवाई वाहतूक नियंत्रकाच्या खुर्चीत काढली. कानाला हेडसेट, समोर रडारचा पडदा. म्हणून आज मला एवढंच मांडायचं आहे की विमान हवेत हादरत असताना वैमानिक आणि जमिनीवरचा माणूस यांच्यात काय बोलणं होतं, आणि त्या बोलण्यावर किती माणसांचे जीव टांगलेले असतात.

आधी हादरण्याबद्दल. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारपर्यंत जमीन तापते, चार वाजता सातपुड्याच्या बाजूने काळं आभाळ उभं राहतं, आणि तासाभरात गारा पडून आंबिया बहाराची फळं मातीत जातात. ते नुकसान आपण खालून पाहतो. त्याच ढगाच्या पोटात काय चालू असतं? गरम दमट हवा दोरी सुटल्यासारखी वर चढत असते, शेजारीच थंड हवा पावसासोबत खाली कोसळत असते. गार तयार होते ती याच वरखाली फेऱ्यांमध्ये. असा ढग चाळीस-पन्नास हजार फुटांपर्यंत चढू शकतो. प्रवासी जेट विमानं साधारण तीस ते चाळीस हजार फुटांवर उडतात, बेलोऱ्याला येणारं एटीआर विमान तर पंचवीस हजारांच्या वर जाऊच शकत नाही. तेव्हा वैमानिकाला ढगाच्या वरून उडी मारता येत नाही. बाजूने वळसा घालावा लागतो. मोठ्या गडगडाटी ढगापासून 20 नॉटिकल मैल, म्हणजे सदतीस किलोमीटर दूर राहावं, असा जुना दंडक आहे.

दुसरा प्रकार ढगाशिवायचा. आकाश निरभ्र आणि विमान मात्र गदागदा हलतं. उंचावरून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याच्या काठावर किंवा डोंगररांगेच्या पलीकडे हवेच्या लाटा उठतात. त्यांत पाण्याचे थेंब नसतात, म्हणून विमानातल्या रडारला त्या दिसत नाहीत. त्या नेमक्या कळायला सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे पुढे गेलेल्या विमानाने मागच्याला सांगणं.

आता कोणाला काय दिसतं ते पाहा. वैमानिकाच्या समोर हवामानाचं रडार असतं. त्यात हिरवा, पिवळा, लाल रंग दिसतो. पण ते रडार मुख्यतः ओल्या थेंबांवरून परतणारी लहर पाहतं. सुकी गार त्याला नीट दिसत नाही, आणि पहिल्या ढगाच्या आड दुसरा ढग दडलेला असू शकतो. नियंत्रकाच्या पडद्यावर प्रत्येक विमान ठिपक्यासारखं दिसतं, बाजूला त्याचं नाव, उंची, वेग. सगळ्या विमानांची मांडणी त्याला दिसते, ढग मात्र त्याला त्या पडद्यावर वैमानिकाइतका दिसत नाही. एकाला ढग माहीत, दुसऱ्याला रहदारी माहीत. दोघांची माहिती जोडली जाते ती रेडिओवरच्या चार-पाच शब्दांत.

ते शब्द कसे असतात? वैमानिक म्हणतो, "रिक्वेस्ट ट्वेंटी माइल्स लेफ्ट ऑफ ट्रॅक, ड्यू वेदर." म्हणजे हवामानामुळे वाटेच्या डावीकडे वीस मैल वळू द्या. नियंत्रक पडदा पाहतो. डावीकडे समोरून कोणी येतंय का? त्या बाजूला हवाई दलाचं सरावाचं क्षेत्र आहे का? असेल तर शेजारचा हॉटलाइनचा फोन उचलून त्यांची परवानगी घ्यायची. शेजारच्या नियंत्रण केंद्राच्या हद्दीत विमान शिरणार असेल तर त्यांनाही कळवायचं. हे सगळं काही सेकंदांत. मग तो म्हणतो, "अप्रूव्ह्ड, रिपोर्ट क्लिअर ऑफ वेदर," म्हणजे परवानगी आहे, ढग टळला की कळवा. आणि वैमानिक ते सगळं पुन्हा म्हणून दाखवतो. हे परत म्हणून दाखवणं, ज्याला आम्ही रीडबॅक म्हणतो, नवख्याला उगाचचं वाटतं. कानात खरखर असते, दहा-पंधरा विमानं एकाच फ्रीक्वेन्सीवर असतात, वादळाच्या दिवशी प्रत्येकाला वळसा हवा असतो. दोघे एकदम बोलले तर कानात नुसती शिट्टी वाजते आणि दोघांचंही ऐकू येत नाही. अशा वेळी ऐकलेलं परत म्हणून दाखवलं नाही, तर कोणाला कोणती परवानगी मिळाली हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

उंचीचंही तसंच. 2003 सालापासून आपल्याकडे 29 हजार ते 41 हजार फुटांच्या पट्ट्यात दोन विमानांमध्ये फक्त एक हजार फुटांचं उभं अंतर ठेवलं जातं. त्याआधी ते दोन हजार होतं. हजार फूट म्हणजे तीनशे मीटर. जोराच्या हेलकाव्यात विमान आपली उंची धरून ठेवू शकत नसेल, तर वैमानिकाने ते ताबडतोब सांगायचं आणि नियंत्रकाने त्याच्या वरखालची जागा वाढवायची, असा नियम आहे. शिवाय हेलकाव्यात वैमानिक वेग कमी करतो, सर्वसाधारण जेट ध्वनीच्या वेगाच्या 0.76 पटीच्या आसपास आणलं जातं. वेग कमी झाला की मागच्या विमानाचं अंतर घटू लागतं. म्हणून एका विमानाने हळू होण्याचा निर्णय घेतला, तरी त्याचा हिशोब नियंत्रकाला मागच्या चार विमानांसाठी करावा लागतो.

हलण्याच्या चार पायऱ्या ठरलेल्या आहेत: हलकं, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र. हलक्यात पट्टा अंगाला जरासा ओढ देतो. मध्यममध्ये चालणं अवघड होतं, ट्रेवरचे पेले सांडतात. तीव्रमध्ये विमान काही क्षण वैमानिकाच्या हातात राहत नाही, माणसं पट्ट्यावर जोरात आदळतात. अतितीव्रमध्ये विमान आवरणं जवळजवळ अशक्य होतं. वैमानिकाने यांतली पायरी सांगायची, सोबत उंची, जागा, वेळ आणि आपल्या विमानाची जातही. एटीआरला जे मध्यम वाटेल ते मोठ्या बोइंगला हलकं वाटू शकतं. नियंत्रकाने ते ऐकून मागच्यांना सांगायचं. नियम इतकाच आहे. पण मी जवळून पाहिलेली गोष्ट सांगतो. चांगला वैमानिक हेलकाव्यातून बाहेर पडल्यावर विचारण्याची वाट पाहत नाही, स्वतःहून सांगतो, आणि चांगला नियंत्रक "कुठल्या उंचीवर बरं आहे?" हे पुढच्याला विचारून मागच्याला देतो. दोघांपैकी एकाने आळस केला तर मागच्या विमानात उभी राहून चहा देणारी मुलगी छताला आपटते. हे मला अतिशय गंभीर कर्तव्य वाटतं. कागदावर त्याची नोंद होवो न होवो.

1 मे 2022 रोजी, महाराष्ट्र दिनी, मुंबईहून पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरला निघालेलं स्पाइसजेटचं बोइंग 737 खाली उतरत असताना असल्याच हेलकाव्यात सापडलं. ऑटोपायलट सुटला आणि दोन मिनिटं वैमानिकांनी विमान हाताने उडवलं. विमानातल्या यंत्रावर नोंदला गेलेला जोर गुरुत्वाकर्षणाच्या 2.64 पट खाली दाबणारा आणि 1.36 पट उलटा, वर फेकणारा होता. उलटा जोर म्हणजे पट्टा नसलेला माणूस आसनावरून उचलला जातो, आणि जोर पुन्हा सुलटा झाला की खाली आदळतो. चौदा प्रवासी आणि तीन कर्मचारी जखमी झाले, त्यांतला एक प्रवासी काही महिन्यांनी वारला. वैमानिकांनी दुर्गापूरच्या नियंत्रकाला रेडिओवर सांगितलं की प्रवाशांना इजा झाली आहे, उतरल्यावर वैद्यकीय मदत हवी. जखमी माणसाला विमानातून दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागतो, हे त्या निरोपावर अवलंबून असतं. 21 मे 2024 रोजी लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानानेही म्यानमारवर जोराचा हिसका बसल्यावर हेच केलं. साडेचार सेकंदांत विमान 178 फूट खाली गेलं होतं, एका वृद्ध प्रवाशाचा जीव गेला होता. वैमानिकांनी बँकॉकच्या नियंत्रकांना कळवलं आणि विमान तिथे उतरवलं, रुग्णवाहिका आधीच तयार होत्या.

मागच्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका आजोबांनी मला विचारलं होतं, "इमान एवढं हालते तवा थो पायलट काही बोलत काहून नाही?" हा प्रश्न फार रास्त आहे. वैमानिकाला पहिल्या दिवसापासून एक क्रम शिकवलेला असतो: आधी विमान उडव, मग ते कुठे चाललंय ते पाहा, मग बोल. हिसका बसला की दोन वैमानिकांपैकी एकाचे हात नियंत्रणावर असतात, दुसरा आकडे वाचत असतो. त्या वेळी प्रवाशांशी बोलायला कोणी मोकळं नसतं. नियंत्रकालाही हे शिकवलेलं असतं. हलणाऱ्या विमानाने एकदा "स्टँड बाय" म्हटलं की त्याला प्रश्न विचारून त्रास द्यायचा नाही, आजूबाजूची विमानं हलवून त्याच्यासाठी जागा करायची आणि त्याच्या आवाजाची वाट पाहायची. नियंत्रकाच्या नोकरीत गप्प बसून लक्ष ठेवणं हेही काम आहे, आणि बोलण्यापेक्षा ते अवघड आहे.

बोलणं बिनसलं की काय होतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण आपल्याच देशातलं. 12 नोव्हेंबर 1996 ची संध्याकाळ. हरियाणातल्या चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचं चढणारं बोइंग 747 आणि कझाकस्तानचं उतरणारं मालवाहू बनावटीचं विमान समोरासमोर आदळली. 349 माणसं गेली. सौदी विमानाला 14 हजार फुटांची परवानगी होती, कझाक विमानाला 15 हजारांची. कझाक विमान 15 हजारांच्या खाली उतरलं. दिल्लीच्या नियंत्रकाच्या पडद्यावर तेव्हा विमानांची उंची उमटत नव्हती, ती वैमानिकाच्या तोंडून कळायची. कझाक विमानात इंग्रजीत बोलायचं काम वैमानिकांकडे नव्हतं, वेगळ्या रेडिओ ऑपरेटरकडे होतं. म्हणजे नियंत्रकाचा शब्द ज्याच्या हातात विमान होतं त्याच्यापर्यंत दुसऱ्या माणसाच्या तोंडून पोहोचत होता. चौकशीत दोष कझाक विमानाच्या चमूकडे गेला. ढगातल्या हेलकाव्यांमुळे विमान खाली गेलं, असं कझाक बाजूचं म्हणणं होतं. मला त्यातलं खरं-खोटं ठरवायचं नाही. हेलकावा असेलच, तर तो सांगण्याची हीच वेळ होती. "आम्हाला उंची धरता येत नाही" एवढं एक वाक्य हवं होतं. या अपघातानंतर दोन विमानं जवळ आली तर वैमानिकाला सावध करणारी यंत्रणा भारतात सक्तीची झाली, दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या केल्या गेल्या. पुढे जगभर वैमानिक आणि नियंत्रकांसाठी इंग्रजी बोलण्याची परीक्षा आली. आपल्या मराठी शाळेतल्या मुलांनी या परीक्षेचा धसका घेण्याची गरज नाही. ठरावीक वाक्यं आणि त्यापलीकडे अडचण नीट सांगता येण्याइतकं इंग्रजी एवढीच तिची अपेक्षा आहे, आणि ते कुठल्याही कष्टाळू मुलाला जमतं.

विदर्भातला एक जुना प्रसंग इथे सांगावासा वाटतो. जानेवारी 1949 मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तिचं केंद्र नागपूर होतं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून डाकोटा विमानं टपालाच्या पिशव्या घेऊन निघायची, मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि जी ती आपापल्या शहराकडे परतायची. डाकोटात हवामानाचं रडार नव्हतं, आणि उडायचं ते पावसाळी ढगांच्या उंचीवरच. पण चारही दिशांनी आलेले वैमानिक काही वेळ एकाच विमानतळावर असायचे. मुंबईहून आलेल्याला ज्या वाटेने परतायचं होतं, त्या वाटेवर त्यानेच नुकतं वादळ पाहिलेलं. दिल्लीकडचं आकाश कसं आहे हे दिल्लीच्या वैमानिकाला विचारता यायचं. सांगणारा आणि ऐकणारा एकमेकांच्या डोळ्यांत बघत असले की सांगण्यात कसर राहत नाही.

आता तंत्र पुढे गेलं आहे. अरबी समुद्रावर, जिथे नेहमीचा रेडिओ पोहोचत नाही, तिथे मुंबईचे नियंत्रक आणि वैमानिक आता उपग्रहामार्फत लिखित निरोप पाठवतात. विमानं आपल्या हादऱ्याचं माप आपोआप मोजतात आणि ते कंपन्यांमध्ये वाटलं जातं. हे सगळं चांगलंच आहे. माझी एकच काळजी आहे. आवाजाच्या रेडिओवर जो बोलतो तो सगळ्यांना ऐकू येतो. पुढच्या विमानाने डावीकडे वीस मैल मागितले की मागच्या पाच वैमानिकांचे कान टवकारतात. लिखित निरोप फक्त दोघांमध्ये राहतो. नियंत्रकाने तो मागच्यांना सांगायचं मनावर घेतलं नाही तर ते ज्ञान तिथेच विझतं. तरुण नियंत्रक इथे बसले असतील तर त्यांनी हे लक्षात ठेवावं, एवढी कळकळीची विनंती.

आणि आता ज्या घटनेमुळे मी हा विषय निवडला, तिच्याकडे येतो. 21 मे 2025. इंडिगोचं एअरबस ए321 दिल्लीहून श्रीनगरला निघालं होतं, सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन. पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानने आपल्या विमानांना आणि आपण त्यांच्या विमानांना आकाश बंद केलं होतं. पठाणकोटजवळ 36 हजार फुटांवर समोर गारपिटीचा ढग आला. वैमानिकांनी हवाई दलाच्या नॉर्दर्न कंट्रोलकडे डावीकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय सीमेकडे, वळायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. मग त्यांनी लाहोरशी संपर्क साधून पाकिस्तानच्या हद्दीत शिरण्याची विनंती केली. तीही नाकारली गेली. मागे फिरायचा विचार झाला, पण तोवर ढग इतका जवळ आला होता की त्यांनी त्यातून सरळ श्रीनगरकडे बाहेर पडायचं ठरवलं. ढगात शिरल्यावर वेग मोजणारी यंत्रं भरवशाची राहिली नाहीत, ऑटोपायलट सुटला, वेग फार वाढल्याचा आणि वेग फार घटल्याचा असे दोन्ही इशारे वाजू लागले. एका क्षणी विमान मिनिटाला 8,500 फूट या वेगाने खाली जात होतं. नेहमीच्या उतरणीत हा आकडा दीड ते तीन हजार असतो. वैमानिकांनी विमान हाताने सावरलं. बाहेर पडल्यावर त्यांनी श्रीनगरच्या नियंत्रकाला "पॅन पॅन" हा तातडीचा संकेत दिला आणि रडारने वाट दाखवायची मागणी केली. विमान सुखरूप उतरलं, कोणालाही इजा झाली नाही. नाकाचा पुढचा भाग गारांनी फुटलेला होता.

त्या वैमानिकांनी काय करायला हवं होतं हे या व्यासपीठावरून सांगणं मला रास्त वाटत नाही. ज्याने त्या ढगात विमान धरून ठेवलं त्याला आपण नमस्कार करावा. मला बोलायचं आहे ते "नाही" या उत्तराबद्दल. सीमेकडे विमान पाठवायला नकार देणं त्या परिस्थितीत नियंत्रकाला भागच होतं. पण त्या नकारानंतरही हवाई दलाच्या नियंत्रकांनी बोलणं सोडलं नाही. लाहोरची फ्रीक्वेन्सी त्यांनीच दिली, पुढे दिशा सांगत राहिले, आणि जमिनीवरच्या रडारवर दिसणारा विमानाचा वेग वैमानिकाला वाचून दाखवत राहिले. विमानातला काटा ज्या वेळी खोटं बोलत होता, त्या वेळी जमिनीवरचा एक माणूस खरा आकडा वाचत होता. या पेशात जन्मभर काम केलेला मनुष्य हे वाचून गहिवरतो, मंडळी.

आपलं आकाश कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, हा प्रत्येक देशाचा अधिकार आहे. 1944 च्या शिकागो करारातल्या पहिल्या कलमाने तो मान्य केलेला आहे. त्याच कराराचं 25 वं कलम सांगतं की आपल्या हद्दीत संकटात सापडलेल्या विमानाला प्रत्येक देशाने शक्य ती मदत करावी. ही दोन्ही कलमं एका कागदावर नांदतात, मग प्रत्यक्षात का नांदू नयेत? आकाश बंद ठेवण्याच्या आदेशात एक ओळ वाढवता येते. वादळ टाळण्यासाठी एखाद्या प्रवासी विमानाला सीमेपलीकडे दहा-पंधरा मैल वळावं लागलं, तर दोन्ही बाजूंचे नियंत्रक एका ठरलेल्या फोनवर बोलतील, विमान ठरलेल्या उंचीवर राहील आणि ढग ओलांडला की परत फिरेल. फोनवरचं हे बोलणं वैमानिकाला मध्ये न घालता, दोन केंद्रांनी आपसांत करायचं, कारण ढगाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाकडे दोन देशांची परवानगी मागत फिरायला वेळ नसतो. युद्धाच्या दिवसांतही हे करता येण्यासारखं आहे. नागपूर, दिल्ली आणि मुंबईच्या केंद्रांत बसलेले माझे सहकारी हे काम उद्याही करू शकतील, इतके ते तयारीचे आहेत. त्यासाठी दिल्लीत ज्यांच्या हातात लेखणी आहे त्यांनी ती ओळ लिहायची आहे, आणि आपण सगळ्यांनी, आपल्या लोकप्रतिनिधींमार्फत, ती मागायची आहे.